तक्रार निकाली, गळती चालू : एका कामगिरी कराराचे प्रकरण

एका शहराला पाणी पुरवणारी सार्वजनिक संस्था. पालक विभागाशी तिचा वर्षभराचा कामगिरी करार झालेला. वर्षअखेरीस कराराच्या मोजपट्टीवर संस्थेला सर्वोच्च श्रेणी मिळाली आणि त्याच वर्षी नागरिकांच्या समाधानाचा आकडा घसरला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. त्या तशा का होत्या, याचा शोध घेताना जे हाती लागले ते इथे मांडले आहे. संस्थेची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आकडे गोल केलेले, हिशेब समजावा इतपत नमुन्याचे आहेत.

पार्श्वभूमी

सरकार आणि सार्वजनिक संस्था यांनी वर्षाची उद्दिष्टे लेखी ठरवून घ्यायची आणि त्यावर संस्थेला जोखायचे, ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये सार्वजनिक उपक्रमांवरच्या १९६७ च्या नोरा अहवालानंतर तिला आकार आला. भारतात सार्वजनिक उपक्रमांच्या धोरणाचा आढावा घेणाऱ्या अर्जुन सेनगुप्ता समितीनंतर, १९८० च्या दशकात, सार्वजनिक उपक्रमांशी सामंजस्य करार सुरू झाले. केनियाने २००४ मध्ये १६ सरकारी महामंडळांपासून सुरुवात केली. भारतातल्या करारांत दीर्घकाळ वापरली गेलेली पद्धत अशी : प्रत्येक निर्देशकाला, म्हणजे मोजायच्या प्रत्येक बाबीला, शंभरपैकी काही भारांक (महत्त्वाचा वाटा) द्यायचा, प्रत्येकाला १ (उत्कृष्ट) ते ५ (निकृष्ट) अशी श्रेणी द्यायची आणि भारांकांनुसार एकच एकत्रित गुण काढायचा. तो १.५ किंवा त्याहून कमी आला की संस्था ‘उत्कृष्ट’. या प्रकरणातल्या करारानेही हीच पद्धत घेतली होती.

संस्थेकडे सुमारे एक लाख जोडण्या आणि आठ विभाग होते. प्रत्येक विभागाला एक कनिष्ठ अभियंता, दोन-तीन फिटर, व्हॉल्व्हमन आणि खोदाईचे मजूर. महिन्याला साधारण १,२०० तक्रारी येत. त्यांतल्या बहुतांश गळतीच्या, बाकीच्या कमी दाबाच्या, गढूळ पाण्याच्या आणि देयकांच्या.

करारातले भारांक असे होते : वसुली आणि खर्च ४०, भांडवली कामे २०, सेवा २०, मनुष्यबळ आणि संगणकीकरण १०, अहवाल व लेखे वेळेवर देणे १०. सेवेच्या २० मध्ये चार निर्देशक बसवले होते. २४ तासांत निकाली काढलेल्या तक्रारींना ८, १५ दिवसांत दिलेल्या नव्या जोडण्यांना ४, पाण्याच्या योग्य नमुन्यांना ४ आणि समाधान सर्वेक्षणाला ४.

पहिल्या वर्षाचा निकाल हाताने मांडून पाहण्यासारखा आहे. वसुलीची श्रेणी १, म्हणजे ०.४०. भांडवली कामांची श्रेणी २, म्हणजे ०.४०. तक्रारी, जोडण्या आणि नमुने तिन्हींत श्रेणी १, म्हणून ०.०८, ०.०४ आणि ०.०४. समाधानाची श्रेणी थेट ५, त्याचे ०.२०. शेवटच्या दोन गटांत श्रेणी १, त्यांचे ०.१० आणि ०.१०. बेरीज १.३६. जी संस्था नागरिकांच्या लेखी सर्वात खालच्या पायरीवर होती, तिला ‘उत्कृष्ट’ म्हणायला कराराची काहीच हरकत नव्हती. समाधानाची श्रेणी ५ ऐवजी १ आली असती तर एकूण गुण १.२० झाला असता, म्हणजे शेरा तोच राहिला असता. ज्या निर्देशकाने निकालाचा शेरा बदलू शकत नाही, त्याकडे वर्षभर कोण बघणार?

अडचण

करारापूर्वी २४ तासांत ७१ टक्के तक्रारी निकाली निघत. करारानंतर हे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले. समाधान मात्र ६१ वरून ५४ टक्क्यांवर आले. आढावा बैठकीत सर्वेक्षणावरच शंका घेतली गेली, आणि ती शंका बिनबुडाची नव्हती. ४०० घरांच्या पाहणीत सुमारे ५ टक्क्यांची चूक धरावी लागते. दोन वर्षांच्या दोन पाहण्यांतल्या फरकाला ती सुमारे ७ टक्क्यांपर्यंत जाते. ७ टक्क्यांची घसरण म्हणजे अगदी काठावरची. ‘नमुन्याचा दोष’ असे म्हणून विषय मिटला.

तो पुन्हा उघडला भांडार विभागाने, तोही अनवधानाने. पुढच्या वर्षाची खरेदी ठरवण्यासाठी दुरुस्ती क्लॅम्प (फुटलेल्या वाहिनीभोवती आवळायचा पट्टा) आणि कपलिंग (दोन नळ जोडणारा भाग) यांचा वापर काढला, तेव्हा आकडे जुळेनात. करारापूर्वी महिन्याला ६२० गळत्या ‘दुरुस्त’ म्हणून निकाली निघत आणि भांडारातून ४१० नग जात. करारानंतर गळत्या ८३० झाल्या, नग ४२५. काम एक तृतीयांशाने वाढले आणि साहित्य ४ टक्क्यांनीही वाढले नाही. प्रत्येक गळतीला क्लॅम्प लागतोच असे नाही. कधी वॉशर बदलून भागते, कधी फेरूल, म्हणजे मुख्य वाहिनीवरून घराची जोडणी निघते तिथला जोड, घट्ट करावा लागतो. तरी इतकी तफावत त्याने भरून निघत नाही.

दुसरी पडताळणी रात्रीच्या प्रवाहाची. पहाटे २ ते ४ या वेळेत घरगुती वापर जवळजवळ थांबतो. तेव्हा विभागात जे पाणी शिरते, त्यातले बरेचसे गळतीचे असते. ज्या तीन विभागांत चोवीस तास दाब असतो आणि प्रवाहमापक आहेत, तिथे वर्षभरात हा किमान प्रवाह हललाच नव्हता. गळत्या खरोखर बुजल्या असत्या तर तो उतरायला हवा होता.

मग निकाली निघालेल्यांतून २०० तक्रारी चिठ्ठ्या टाकून निवडल्या. प्रत्येक तक्रारदाराला फोन केला आणि जागेवर जाऊन पाहिले. १०४ ठिकाणी दुरुस्ती झाली होती आणि टिकली होती. ३८ ठिकाणी रबराची पट्टी गुंडाळून तारेने आवळले होते आणि महिन्याच्या आत पाणी पुन्हा झिरपत होते. ३१ तक्रारी ‘रस्ते विभागाकडे वर्ग’ असा शेरा मारून बंद केल्या होत्या, कारण खोदाईची परवानगी आलेली नव्हती. २७ वर ‘स्थळी कोणी भेटले नाही’ असे लिहिले होते. संगणक प्रणाली या चारही प्रकारांना एकच नाव देत होती : निकाली.

वेळेच्या नोंदी तपासल्यावर आणखी दोन गोष्टी दिसल्या. घड्याळ नागरिकाच्या फोनपासून सुरू होत नसून कनिष्ठ अभियंत्याने तक्रार ‘स्वीकारली’ की सुरू होत होते. शनिवारी संध्याकाळची तक्रार सोमवारी सकाळी स्वीकारली जाई आणि मधला दीड दिवस हिशेबात येतच नसे. शिवाय २२ तास झाले की प्रणाली अभियंत्याला इशारा पाठवत असे, आणि बंद होणाऱ्या तक्रारींचा मोठा गठ्ठा नेमका २२ ते २४ तासांच्या दरम्यान पडत होता. इंग्लंडमधल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत हेच घडलेले आहे. तिथे रुग्णाचा निर्णय चार तासांत लागावा असे उद्दिष्ट होते. ते आधी ९८ टक्के रुग्णांसाठी होते, २०१० मध्ये ९५ टक्क्यांवर आणले गेले. रुग्ण विभागाबाहेर पडण्याच्या वेळांचा आलेख काढला की चार तास पुरे होण्याआधीच्या शेवटच्या काही मिनिटांत उंच सुळका दिसे. मुदतीच्या काठावर कामाचा असा ढीग दिसला की कामाचा वेग मुदत ठरवते आहे असे समजावे.

सर्वात गंभीर गोष्ट आकड्यांत दिसतच नव्हती. कराराच्या लेखी ठिबकणारा फेरूल आणि नळाला आलेले सांडपाणीमिश्रित पाणी या दोन्ही एकेक तक्रारीच. फेरूलचे काम अर्ध्या तासाचे. दूषित पाण्याचा उगम शोधायचा तर एकेक व्हॉल्व्ह बंद करून भाग वेगळा पाडावा लागतो, घरोघरी उर्वरित क्लोरिन (नळापर्यंत पोहोचताना पाण्यात शिल्लक राहिलेले क्लोरिन) तपासावे लागते, तीन-चार ठिकाणी चाचणी खड्डे घ्यावे लागतात. त्यात दोन-तीन दिवस सहज जातात. २४ तासांची मुदत चुकणारच असेल तर ती तक्रार शेवटी घ्यावी आणि तेवढ्या वेळात सहा फेरूल उरकावेत, हा हिशेब प्रत्येक विभागाने आपापला केला होता. पाण्याच्या नमुन्यांचा निर्देशक इथे आधाराला यायला हवा होता. पण नमुने बहुतेक टाकीच्या जवळचे होते, आणि तिथे ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर एवढे किमान उर्वरित क्लोरिन मिळण्यात अडचण नसते. अडचण असते ती वाहिनीच्या शेपटाला.

पर्याय

पाच पर्याय टेबलावर आले.

पहिला, सेवेचा भारांक २० वरून ३५ करावा. हा सर्वांना पटकन पटला, आणि म्हणूनच त्यावर वेळ घालवणे गरजेचे होते. मोजणी चुकीची असताना भारांक वाढवला तर चुकीची मोजणी साधण्याचा दबावच वाढतो. तो नंतरच्या वर्षासाठी ठेवला.

दुसरा, २४ तासांचा निर्देशक काढून टाकावा आणि फक्त समाधान सर्वेक्षणावर विसंबावे. संस्थेच्या पातळीवर हे चालले असते. पण ४०० घरे आठ विभागांत वाटली की प्रत्येकी ५० उरतात आणि चूक १४ टक्क्यांपर्यंत जाते. अशा आकड्यावर एका अभियंत्याला शाबासकी आणि दुसऱ्याला ताशेरे देणे अन्याय झाला असता.

तिसरा, दुरुस्तीचे काम ठेकेदाराला द्यावे आणि उशिराला दंड लावावा. पण ‘निकाली’ची व्याख्या तीच राहिली तर ठेकेदार त्याच चार शेऱ्यांवर देयक मागणार. व्याख्या सुधारण्याआधी ठेका देणे धोक्याचे होते.

चौथा, खोट्या नोंदी करणाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई. यावर सर्वाधिक मतभेद झाले. ‘स्थळी कोणी भेटले नाही’ असे न जाताच लिहिणे ही लबाडी आहे, हे कोणी नाकारले नाही. पण ‘रस्ते विभागाकडे वर्ग’ हा शेरा प्रणालीनेच उपलब्ध करून दिला होता आणि तो वापरणारा अभियंता नियमात होता. सरसकट नोटिसा गेल्या असत्या तर पुढच्या पडताळणीत खरे सांगायला कोणीही पुढे आले नसते.

पाचवा, व्याख्या बदलणे : घड्याळ कधी सुरू होते, ते कोण थांबवतो आणि काय झाले म्हणजे काम झाले. निवड याची झाली. चौथ्यातला तेवढा भाग घेतला की तक्रारदाराची खोटी सही केलेली आढळली तरच चौकशी.

यानंतरचा प्रश्न वेळेचा होता. वर्षाच्या मध्येच करार बदलावा का? एकदा मधेच बदलायची वाट उघडली की उद्दिष्टे खाली आणण्यासाठीही तीच वाट वापरली जाते. म्हणून चालू करार जसाच्या तसा ठेवला. दोन विभागांत तीन महिने समांतर मोजणी करायचे ठरले. तिला ना गुण, ना श्रेणी.

केलेली कार्यवाही

पहिले पाऊल घड्याळाचे. नागरिकाचा फोन लागला तो क्षण म्हणजे सुरुवात. तक्रार स्वीकारण्याची पायरी ठेवली, पण तिचा वेळ वेगळा नोंदवला. तक्रार बंद करण्याचा अधिकार अभियंत्याकडून काढून तक्रार कक्षाकडे दिला. कक्षातून तक्रारदाराला दोनदा फोन करायचा, दिवसाच्या दोन वेगळ्या वेळी. तो लागला नाही तर फिटरने काढलेले, वेळ आणि ठिकाण नोंदलेले छायाचित्र पाहून बंद करायची. त्याच जोडणीवरून ३० दिवसांत त्याच कारणाची तक्रार आली तर जुनी तक्रार उघडायची, मूळ तारखेसह. हा एक नियम बाकी सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी ठरला. रबराच्या पट्टीचा फायदाच त्याने संपवला.

दुसरे, मुदती वेगळ्या केल्या. मुख्य वाहिनी फुटली तर १२ तास, जोडणीवरची गळती २४ तास. दूषित पाण्यासाठी पहिली भेट व पर्यायी पुरवठा ४ तासांत आणि उगम शोधून दुरुस्ती ७२ तासांत. या शेवटच्या प्रकाराला स्वतंत्र निर्देशक दिला, म्हणजे फेरूलच्या गर्दीत तो हरवणार नाही. मुदतीतल्या टक्केवारीसोबत ९० टक्के तक्रारी किती तासांत संपल्या, हेही छापायचे ठरले. नुसती टक्केवारी पाहिली की २५ तास लागलेली आणि २५ दिवस लागलेली तक्रार सारखीच दिसते.

तिसरे, रस्ते विभाग. कराराची खरी मर्यादा इथे होती. गळती रस्त्याखाली, रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात, परवानगीला पाच ते सात दिवस, आणि करारावर त्या दुसऱ्या विभागाची सही नाही. पालक विभागाने दोघांच्या करारांत एकच संयुक्त निर्देशक घातला : खोदाईसह गळती दुरुस्ती आणि रस्ता पूर्ववत होणे, नागरिकाच्या फोनपासून मोजून. रस्ते विभागाने आधी साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे रास्त होते. पाणीवाले खोदून जातात, माती कशीही ढकलतात, पावसात रस्ता खचतो आणि शिव्या त्यांना बसतात. तडजोड अशी झाली की १.५ मीटर लांब आणि १ मीटर रुंद एवढ्या खड्ड्यापर्यंत आधी खोदायचे आणि त्याच दिवशी कळवायचे. भराव १५० मिलिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर ठोकून. पूर्ववत करण्याचा खर्च पाणीसंस्थेचा, देखरेख रस्ते विभागाची.

चौथी गोष्ट समांतर मोजणीच्या चौथ्या आठवड्यात समजली, आणि ती सर्वात आधी विचारायला हवी होती. रबराची पट्टी फिटर आळसाने बांधत नव्हते. त्यांच्या गाडीत योग्य क्लॅम्पच नसत. जुन्या वाहिन्या काही ठिकाणी ओतीव लोखंडाच्या, काही ठिकाणी ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या. दोन्हींचा आतला व्यास १०० मिलिमीटर असला तरी बाहेरचा व्यास वेगळा असतो, म्हणून एकाचा क्लॅम्प दुसऱ्यावर बसत नाही. भांडाराकडे ओतीव लोखंडाचे ८० आणि १०० मिलिमीटरचे साठे भरपूर, ॲस्बेस्टॉस सिमेंटचे १०० आणि १५० चे कायम संपलेले. भांडाराच्या कामगिरीचा निर्देशक होता खरेदीवरचा खर्च कमी ठेवणे. एका कराराच्या दोन निर्देशकांनी फिटरला मधोमध पकडले होते. प्रत्येक विभागाच्या गाडीसाठी बाहेरच्या व्यासानुसार किमान साठ्याची यादी केली आणि ‘क्लॅम्प नसल्याने तात्पुरती दुरुस्ती’ असा खरा शेरा प्रणालीत घातला. हा शेरा तक्रार बंद करत नाही, भांडाराला मागणी पाठवतो.

पाण्याच्या नमुन्यांची ठिकाणेही बदलली. निम्मे नमुने शेपटाच्या जोडण्यांवरून, आणि ठिकाणांची यादी प्रयोगशाळा त्याच सकाळी काढते.

निकाल

नवी व्याख्या सर्व विभागांना लागू झाली त्या महिन्यात ९६ टक्के कोसळून ४६ वर आले. हे होणार याची लेखी कल्पना पालक विभागाला आधीच दिली होती, समांतर मोजणीच्या आकड्यांसह. ती दिली नसती तर पहिल्याच महिन्यात जुनी व्याख्या परत आली असती.

बारा महिन्यांनी ठरल्या मुदतीत संपणाऱ्या तक्रारी ७२ टक्के झाल्या. पुन्हा फुटणाऱ्या दुरुस्त्या १९ वरून ८ टक्क्यांवर आल्या. प्रवाहमापक असलेल्या तीनपैकी दोन विभागांत रात्रीचा किमान प्रवाह सुमारे दहा टक्क्यांनी उतरला. तिसऱ्यात उतरला नाही, तिथे मुख्य वाहिनीचाच एक लांब तुकडा जीर्ण आहे. नोंदलेल्या तक्रारी पहिल्या तिमाहीत महिन्याला १,२०० वरून १,५५० वर गेल्या. पूर्वी कंटाळून फोन न करणारे लोक पुन्हा फोन करू लागले, असे तक्रार कक्षाच्या नोंदींवरून दिसते. ‘तक्रारी कमी करणे’ हा निर्देशक करारात असता तर ही वाढ अपयश म्हणून मोजली गेली असती.

नमुन्यांचा निर्देशक मात्र घसरला, श्रेणी १ वरून ३ वर. पाणी बिघडलेले नव्हते, ते आता योग्य ठिकाणी तपासले जात होते. त्यातून दोन भागांत वाहिनीच्या मधल्या टप्प्यावर पुन्हा क्लोरिन देण्याची गरज पुढे आली.

समाधान ५४ वरून ५८ झाले. सर्वेक्षणाची चूक लक्षात घेता ही सुधारणा आहे असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि संस्थेने तसे म्हटलेही नाही.

वेगळे काय करता आले असते

करारापूर्वीचे ७१ टक्के हे मूळ प्रमाण कोणीच तपासले नव्हते. त्यावरून ९५ चे उद्दिष्ट ठरले ते वाटाघाटीच्या टेबलावर, अंदाजाने. उद्दिष्ट ठरवण्याआधी एक तिमाही नुसते मोजले असते तर खोदाई परवानगीचा अडथळा करारावर सही होण्याआधीच दिसला असता.

एकत्रित गुणाला उंबरठ्याची अट हवी होती. सेवेच्या कोणत्याही निर्देशकाची श्रेणी ५ असेल तर एकूण गुण कितीही असो, ‘उत्कृष्ट’ शेरा नाही, एवढी एक ओळ पुरे होती. ती दुसऱ्या करारात आली.

वाटाघाटीला तिसरा पक्ष नव्हता. संस्थेला आपल्या आकड्यांची आतली माहिती, पालक विभागाला फक्त बेरीज ठाऊक. भांडार नोंदवही, रात्रीचा प्रवाह आणि पुन्हा आलेल्या तक्रारी या तिन्ही नोंदी पहिल्या दिवसापासून संस्थेतच होत्या. त्या एकत्र मांडायला सांगणारे माणूस टेबलावर नव्हते. फिटर आणि व्हॉल्व्हमन यांच्याशी बोलणे तर वर्ष उलटून गेल्यावर झाले. क्लॅम्पचा प्रश्न त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितला असता.

एक निर्णय अजूनही वादाचा आहे. ‘स्थळी कोणी भेटले नाही’ असे लिहिलेल्या २७ पैकी काही ठिकाणी भेट झालीच नव्हती, आणि त्यावर कारवाई झाली नाही. खरी माहिती मिळवण्यासाठी ही किंमत मोजली गेली. ज्या विभागांनी आधीपासून प्रामाणिक नोंदी ठेवल्या आणि म्हणून पहिल्या वर्षी मागे पडले, त्यांना ती किंमत अन्यायाची वाटते. त्या वर्षीच्या त्यांच्या श्रेण्या निदान दुरुस्त करता आल्या असत्या.

तिसऱ्या वर्षाच्या वाटाघाटीत संस्थेने ७० टक्क्यांचे उद्दिष्ट मागितले, स्वतः ७२ गाठलेले असताना. या वर्षी जास्त केले की पुढच्या वर्षी तेवढेच किमान धरले जाते, ही भीती त्यामागे आहे. शेवटी तीन वर्षांचा चढता पट्टा ठरला : ७४, ७८, ८२, आणि मधे उद्दिष्ट वाढवायचे नाही अशी पालक विभागाची लेखी हमी.

शेपटाच्या भागांतला कमी दाब यातल्या कशानेच सुटलेला नाही, कारण तिथली वाहिनीच अपुऱ्या व्यासाची आहे आणि कोणत्याही मुदतीत ती तक्रार निकाली निघणारी नाही. आता २० ठिकाणी सकाळी ६ ते ८ या वेळेत दाब नोंदवला जातो. पहिली दोन वर्षे त्याला भारांक नाही. मोठी वाहिनी भांडवली कामांच्या यादीत घेतली आहे.